धारेकडची पट्टी

थोरलीनं पुठ्ठ्यावर कोयता आडवा ठेवला, डाव्या तळव्यानं त्याची मूठ दाबून धरली आणि पेन्सिलीचं टोक पात्याच्या पाठीला टेकवलं.

"टेबल हलवू नकोस."

"मी कुठं हलवतेय?" भिंगरी म्हणाली, आणि टेबल हललं.

धाकटीला सगळं घर भिंगरीच म्हणायचं. ती टेबलाच्या कडेवर बसून पाय झुलवत होती. खुर्ची ही बसायची वस्तू आहे, हे तिला पंधरा वर्षांत कुणी पटवून देऊ शकलं नव्हतं. ती खिडकीत बसायची, जिन्याच्या कठड्यावर बसायची, पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर बसायची. मागच्या महिन्यात तर अभ्यास करायला कपाटावर जाऊन बसली होती. आईनं खालून झाडूच्या दांड्यानं तिला ढोसलं होतं आणि बाबा एवढे हसले होते, एवढे हसले होते, की थोरलीला उगाचच पाणी प्यायला उठावं लागलं होतं.

पेन्सिल पाठीवरून सरकत टोकापर्यंत गेली. हा कोयता आजोबांचा. हातभर लांब आणि पुढं असा वळलेला, की एखाद्या मोठ्या पाखरानं चोच छातीत खुपसावी. धार आतल्या बाजूला, वळणाच्या पोटात. तिथून पेन्सिल बेतानं न्यावी लागत होती, कारण बाबांनी कालच तो दगडावर लावला होता.

"आता सगळीकडून दोन बोटं सोडून कापायचं," थोरली म्हणाली. "असे दोन तुकडे. ते एकमेकांवर ठेवून धारेच्या बाजूनं शिवायचे. पाठीची बाजू अर्धी उघडी ठेवून तिथं पट्टा आणि टिचबटण. नाहीतर हे वाकडं ध्यान आत जायचंच नाही."

"आणि हे काय?" भिंगरीनं पुठ्ठ्यावरची तिसरी आकृती दाखवली. चंद्रकोरीसारखी, अंगठ्याएवढी रुंद.

"धारेकडची पट्टी. दोन चामड्यांच्या मध्ये घालायची. म्हणजे धार पट्टीला टेकते, टाक्यांना नाही."

"आणि नाही घातली तर?"

"बाहेरून कळणारसुद्धा नाही. पण कोयता आत-बाहेर झाला की धार एकेक टाका कापत जाते. मग एक दिवस म्यान फाकतं आणि कोयता मांडीत."

"बाबांसारखं."

"बाबांसारखं."

बाबांच्या उजव्या मांडीवर वीतभर वण होता. लहानपणी दोघी त्यावरून बोटांची माणसं चालवायच्या आणि बाबा म्हणायचे, "हळू चाला रे, पूल जुना आहे." त्यांच्या म्यानातली पट्टी झिजून गेली होती आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. झाडावर चढताना त्यांनी गुडघा पोटाशी घेतला, तेवढंच निमित्त झालं.

बाबा झाडं छाटायचे. घरांवर आलेल्या, तारांना लागलेल्या, भिंती ढकलणाऱ्या फांद्या उतरवायच्या, हे त्यांचं काम. "झाड पाडायला काय, कुणीही पाडतो," ते म्हणायचे. "खालचं कौल न फोडता फांदी उतरवून दाखवा." आणि तीस वर्षं ज्या माणसाचा पाय कधी फांदीवरून सुटला नाही, तो दोन महिन्यांपूर्वी आपल्याच बाथरूममध्ये साबणाच्या वडीवरून घसरला. गुडघ्याची वाटी सरकली. डॉक्टरनं सांगितलं, आता जिनासुद्धा जपून चढायचा.

म्हणून कोयता भिंगरीकडे आला होता. आणि म्यान शिवायचं थोरलीकडे.

हा नियम आजोबांपासूनचा. चढणाऱ्यानं आपलं म्यान आपण शिवायचं नाही. खाली जो दोर धरतो, त्यानं शिवायचं. आजोबांचं म्हणणं असं, की वर गेलेल्या माणसाला दोन गोष्टी दिसत नाहीत, एक खालचा हात आणि दुसरी म्यानाच्या आतली शिवण. दोन्ही एकाच माणसाच्या असलेल्या बऱ्या, म्हणजे काही झालंच तर शिव्या घालायला दोन घरं फिरायला नको. बाबांचं म्यान काकांनी शिवलं होतं. काका दुसऱ्या गावी राहायला गेल्यावर तीन वर्षं बाबांचा दोर थोरलीच धरत आली होती, आणि आता भिंगरीचाही तीच धरणार होती.

तीन वर्षांपूर्वी मात्र कंबरेला दोर बांधून वर जायला आधी थोरलीच निघाली होती. चौदा वर्षांची होती. पहिल्या बेचक्यापर्यंत छान गेली, दुसऱ्याला हात घातला, एकदा खाली पाहिलं आणि संपलं. हात उघडेनात. तोंडातून शब्द फुटेना. बाबा वर आले, तिची बोटं एक एक करून सोडवली आणि तिला पाठुंगळी घेऊन खाली उतरले. रागावले नाहीत. घरी कुणाला सांगितलंही नाही. दुसऱ्या दिवशी दोराचं टोक तिच्या हातात देत एवढंच म्हणाले, "तुझा हात भक्कम आहे."

रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला अजून वाटायचं.

*

बस थांब्यापाशी बॅगा दुरुस्त करणारे एक काका बसायचे. थोरलीला त्यांच्याकडे एका जुन्या सुटकेसचं चामडं मिळालं. जाड, तपकिरी, आणि कोपऱ्यांवर कुणाच्या तरी प्रवासाचे ओरखडे.

"कशाला पाहिजे एवढं?" काकांनी विचारलं.

"कोयत्याचं म्यान."

"बाबा चढतात अजून?"

"नाही. धाकटी चढणार. रविवारी. आमच्या शाळेतलं झाड आहे, वर्गांच्या छपरावर आलेलं."

"ती भिंगरी?" काकांचा चेहरा उजळला. "परवा पोरांचा चेंडू त्या समोरच्या पाटीमागं अडकला होता. खांबावरून सरसर गेली आणि घेऊन आली. काय पोरगी आहे! माकडाला शिकवील."

"माकडाला दहावी नसते," थोरली म्हणाली.

काका हसले. "आणि तू काय करतेस मग?"

"मी शिवते."

"हां. म्हणजे माझ्यासारखी. आपले पाय जमिनीवर." त्यांनी तिला एक आरी आणि दोऱ्याचं अर्धं रीळ असंच देऊन टाकलं. "दोऱ्याला मेण लाव. आणि धारेकडची पट्टी विसरू नकोस बरं."

"मी कशी विसरेन?" थोरली म्हणाली.

घरी येईपर्यंत तिघांनी तिला रविवारबद्दल विचारलं होतं. दूधवाली म्हणाली, तुझ्या बहिणीला बघायला मी येणार. वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, लेकीनं बापाचं नाव राखलं. कोणत्या लेकीनं, हे त्यांना सांगावंसंही वाटलं नाही. आणि थोरलीच्या वर्गातली एक मुलगी, जिच्याशी तिचं धड बोलणंही नव्हतं, ती रस्ता ओलांडून आली आणि म्हणाली, "ए, तुझी बहीण खरंच एकटी चढणार? आम्ही सगळ्या येतोय!"

"या ना," थोरली म्हणाली, आणि चामड्याची गुंडाळी दुसऱ्या काखेत घेतली.

*

सगळं कापून झालं होतं. दोन मोठे तुकडे, पट्टा, आणि चंद्रकोरीसारखी ती पट्टी. थोरलीनं आपली कंपासपेटी काढली. दहावीला भूमितीत शाळेत पहिली आली म्हणून मिळालेली होती ती, आणि घरात तिला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. म्हणजे भिंगरी सोडून कुणीच लावत नव्हतं. थोरलीनं कर्कटकाची दोन टोकं टाक्याएवढी उघडली आणि चामड्याच्या कडेनं एक एक पाऊल टाकत नेली. सगळी भोकं सारख्या अंतरावर. मग आरीनं ती आरपार केली. पलीकडे आईचं मशीन चालू होतं. आई मोटारींच्या सीटची कव्हरं शिवायची.

"बघू," आई मान न उचलता म्हणाली. थोरलीनं तुकडा पुढं धरला. आईनं चष्म्याच्या वरून पाहिलं. "माझ्या मशीनला लाजवशील तू."

थोरलीला बरं वाटलं. किती वेळ? जेमतेम दोरा ओवेपर्यंत.

कारण बाबा काठी टेकत आत आले आणि त्यांच्या मागून भिंगरी, हातात कोयत्याऐवजी लाकडी फूटपट्टी घेऊन. बाबा खुर्चीत बसले, पाय लांब केला, आणि भिंगरीचं मनगट आपल्या हातात घेतलं.

"इथून नाही. खांद्यातून मारलंस तर दहा घावांत हात गळून पडेल. मनगट सैल. असं. कोयत्याला त्याचं वजन आहे, त्याला काम करू दे."

"असं?"

"असं! अगं, असंच!" बाबांनी मांडीवर थाप मारली. "बघितलंस का गं?" हे आईला. "मला हे जमायला वर्ष लागलं होतं."

"हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका तिला," आई म्हणाली. "आधी खऱ्या झाडावर चढू दे."

"ती चढणारच. हिच्या अंगात भीतीचं हाडच नाही. देवानं एका पोरीला असं—"

बाबा थांबले.

त्यांची नजर थोरलीवर आली आणि लगेच खिडकीकडे गेली. "चहा आहे का गं थोडा?" त्यांनी विचारलं.

आई उठली. भिंगरी फूटपट्टी फिरवत तिच्यामागं स्वयंपाकघरात गेली. बाबा खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं पाहत राहिले.

थोरलीनं चामड्याचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवले. कड कडेला लागली. भोकं भोकांवर आली. तिनं सुई घातली, ओढली, दुसऱ्या बाजूनं घातली, ओढली. पहिला टाका. पट्टी तिच्या कोपराशीच पडली होती. पट्टी घ्यायची राहिलीय, हे तिला पहिल्या टाक्याला माहीत होतं. दहाव्या टाक्यालाही माहीत होतं. विसाव्या टाक्याशी हात थांबला, तेव्हा स्वयंपाकघरातून बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात भिंगरी आईला म्हणाली, "मी ना, त्या झाडाच्या अगदी शेंड्यावर जाऊन तुम्हाला हात करणार आहे!" आणि बाबा खिडकीकडे तोंड करून हसले. अगदी हळू. थोरलीला दिसू नये म्हणून.

सुई पुन्हा चालू लागली.

शिवण पुरी झाल्यावर तिनं पट्टी दुमडून चेपली, कंपासपेटीत कोनमापकाच्या खाली सरकवली आणि पेटी खणात टाकली.

*

सगळ्यांना म्यान फार आवडलं. बाबांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, अंगठा टाक्यांवरून नेला. "तुझ्या काकानं शिवलेलं याच्यापुढं पोतं वाटेल," ते म्हणाले. भिंगरीनं ते कंबरेला लावलं ते जेवतानाही काढेना. खोलीत येता-जाता ती कोयता सर्रकन बाहेर काढायची आणि पुन्हा आत सरकवायची. सर्रकन बाहेर, हळूच आत.

प्रत्येक वेळी थोरलीच्या मनात एक टाका कमी व्हायचा.

तिला रक्त नको होतं. हे ती स्वतःला सारखं सांगत होती आणि ते खरंही होतं. सुटकेसचं चामडं, मेणाचा दोरा. एका झाडापुरतं काही होत नाही. फार तर वर असताना म्यान कुठंतरी फाकेल, कोयता लोंबेल, भिंगरीचा हात चपापून तिकडे जाईल. ती थांबेल. एकदा, फक्त एकदा, वर्गातल्या त्या सगळ्या मुलींसमोर ती वर थांबलेली दिसावी. तिनं खाली बघावं. मग बाबांना कळेल, की भीतीचं हाड सगळ्यांना असतं, कुणाचं लवकर लागतं, कुणाचं उशिरा.

एवढंच पाहिजे होतं तिला. आणि एवढंच पाहिजे असणं किती वाईट आहे, हेही तिला कळत होतं. म्हणून शुक्रवारी तिनं ठरवलं, की उद्या शिवण उसवायची आणि पट्टी घालायची. वेळ होता. शनिवारी संध्याकाळपर्यंत जादा शिकवणी होती, ती झाल्यावर.

शिकवणीहून ती आली तेव्हा कंपासपेटी टेबलावर होती.

"ताई, तुझी पेटी घेतली होती हं," खिडकीतून भिंगरी म्हणाली. "भूमितीचा पेपर होता."

"विचारायचं असतं."

"तू नव्हतीस ना."

थोरलीनं पेटी उघडली. कंपास होता. कर्कटक होतं. गुण्या, खोडरबर, कोनमापक. तिनं कोनमापक उचललं. खाली पत्र्याचा चकचकीत तळ दिसत होता आणि त्यात तिचा स्वतःचा वेडावाकडा चेहरा.

तिनं खण उपसला. टेबलाखाली पाहिलं. कचऱ्याची बादली हलवून पाहिली.

"काय शोधतेस?" भिंगरीनं विचारलं.

"काही नाही. खोडरबर."

"ते पेटीतच आहे."

भिंगरीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टी होती. अंगठ्यालाही एक.

"हे काय झालं?"

"पेपरात कंपास टोचला," भिंगरी म्हणाली. आणि ती खिडकीतून उतरली, खोलीत इकडेतिकडे पाहिलं, आणि खुर्ची ओढून खुर्चीवर बसली.

म्यान बाबांच्या पलंगाशी खिळ्याला टांगलेलं होतं आणि बाबा पलंगावर पाय शेकत बसले होते. थोरली दोनदा दारापर्यंत गेली. दुसऱ्यांदा बाबांनी विचारलं, "काय गं?" ती म्हणाली, "काही नाही. गरम पाणी आणू का अजून?"

*

रविवारी सकाळी शाळेच्या आवारात निम्मा मोहल्ला जमला होता. बारावीच्या मुली पायऱ्यांवर रांगेनं बसल्या होत्या, जणू नाटकच आहे. शिपाईमामांनी बाबांसाठी मुख्याध्यापिकांच्या खोलीतली खुर्ची आणून ठेवली होती. झाड तीन मजली उंच, आणि त्याची एक जाडजूड फांदी सातवीच्या वर्गाच्या छपरावर कोपर टेकून निवांत पसरली होती.

बाबांनी काठीनं दाखवत सगळं पुन्हा सांगितलं. कुठलं बेचकं, कुठली फांदी आधी, कुठली नंतर. "आणि नवीन फांदीवर पाय टाकण्याआधी?"

"विचारायचं. धरलंय का?" भिंगरीनं पाठ म्हणून दाखवलं.

"विचारायचं! तू कधी विचारत नाहीस. सरावाच्या वेळी एकदाही विचारलं नाहीस. मी तीस वर्षं चढलो, प्रत्येक फांदीवर विचारलं. खाली सख्खा भाऊ होता तरी विचारलं."

एरवी यावर भिंगरीचं उत्तर ठरलेलं असायचं. ताई आहे ना खाली, मग विचारायचं काय? असं म्हणून ती वर पसारही झालेली असायची. आज ती फक्त "बरं" म्हणाली.

थोरलीनं तिच्या कंबरेला दोर बांधला. गाठ दोनदा ओढून पाहिली. मग हात तिथंच ठेवून ती म्हणाली,

"भिंगरे, म्यान काढ. एक मिनिट."

भिंगरीचा हात म्यानावर गेला. "कशाला?"

"बघायचंय मला."

भिंगरीनं पट्टा सोडला. थोरलीनं कोयता बाहेर काढून झाडाच्या बुंध्याशी ठेवला आणि म्यान उन्हात धरलं.

एका इंचात सात टाके घातले होते तिनं. आता तिथं तीन होते, कुठं चार. एक इकडे झुकलेला, एक तिकडे. कितीतरी भोकं रिकामी सुटली होती आणि काही ठिकाणी सुईनं वैतागून नवीनच भोक पाडलं होतं. वरपासून टोकापर्यंत सगळी शिवण अशी होती, की पावसात चिमणी चालून गेली असावी. टोकाशी, दोऱ्याच्या गाठीपाशी, चामड्यावर एक लालसर काळा ठिपका होता, वाळलेला.

तिनं कड चिमटीत दाबली. आत जाड लागलं. पट्टी होती. वळणावर अगदी नीट बसलेली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. भिंगरीच्या चेहऱ्यावर राग असता तर थोरलीला काहीतरी म्हणता आलं असतं. राग नव्हता. काय होतं ते तिला वाचता येईना. ती फक्त पाहत होती, परीक्षेत शेजारच्या बाकावरून पाहावं तशी.

"काय झालं गं?" खुर्चीतून बाबांनी विचारलं.

थोरलीनं तोंड उघडलं.

"काही नाही, बाबा!" भिंगरी तिच्या आधी म्हणाली. "मी ओढाताण केली ना सारखी, शिवण उसवली होती. ताईनं काल परत घालून दिली."

"आण इकडे."

थोरलीनं म्यान नेऊन दिलं. बाबांनी अंगठा टाक्यांवरून नेला. मध्येच थांबवला. पुन्हा नेला. मग त्यांनी मान वर केली. थोरलीच्या हातांकडे पाहिलं, लांब झाडाशी उभ्या असलेल्या भिंगरीच्या बोटांच्या चिकटपट्ट्यांकडे पाहिलं, आणि कितीतरी वेळ त्या लाल ठिपक्याकडे पाहत राहिले. चढणाऱ्यानं आपलं म्यान आपण शिवायचं नाही. तो नियम मोडलाय हे उघड बोललं गेलं असतं, तर आज हे झाड तसंच राहिलं असतं. बाबा कोयता घेऊन घरी निघाले असते.

"घाईत घातलीस," ते म्हणाले.

"हो," थोरली म्हणाली.

"पण पट्टी नीट बसलीय." त्यांनी म्यान तिच्या हातात परत दिलं आणि जरा वेळ सोडलं नाही. "जा. दोर धर."

ती परत गेली. भिंगरीच्या कंबरेला म्यान बांधताना पट्टा दोनदा सुटला. "भिंगरे," ती पुटपुटली, "मी तुला—"

"सगळे बघतायत, ताई," भिंगरी म्हणाली. तिनं कोयता आत सरकवला, टिचबटण लावलं आणि बुंध्याला हात घातला.

ती वर जाऊ लागली तशी पायऱ्यांवर कुजबुज थांबली. पोरगी चढत नव्हतीच, झाडच तिला हातोहात वर देत होतं. थोरलीनं दोर शेजारच्या बुंध्याला वेढा देऊन हातात घेतला होता आणि तो तळव्यातून पुढं पुढं जात होता. पहिलं बेचकं आलं. भिंगरीनं त्यावरून दोर घेतला आणि तिथं बूड टेकवलं. इथून पुढची फांदी जरा दूर होती. तिला हात घालायचा, पाय सोडायचा आणि झोका घ्यायचा. सरावात हे तिनं डोळे मिटून केलं होतं.

आज तिनं हात घातला, आणि थांबली.

दोर हलायचा बंद झाला. पायऱ्यांवरची कुणीतरी म्हणाली, "घाबरली का गं?" वर पानांच्या फटीतून भिंगरीचा चेहरा खाली वळला. तिनं खाली बघितलं, थेट थोरलीकडे.

तीन वर्षं जे एकदा बघायला मिळावं म्हणून थोरली आतल्या आत जळत होती, ते समोर होतं. सगळा वर्ग बघत होता. बाबा बघत होते.

"ताई," वरून आवाज आला. मोठा नव्हता. "धरलंयस ना?"

थोरलीनं उत्तर दिलं, पण ते ओठांतच राहिलं.

वर भिंगरी तशीच थांबून होती. हात फांदीवर, पाय बेचक्यात.

थोरलीनं दोराचा आणखी एक वेढा स्वतःच्या कंबरेला घेतला, टाचा मातीत रुतवल्या आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली, "धरलंय!"

तेव्हा कुठं वरचा पाय सुटला.

फांदी दुपारपर्यंत उतरली. छपराचं एक कौलही फुटलं नाही. आणि त्या सबंध वेळात भिंगरीनं एकही फांदी न विचारता ओलांडली नाही. प्रत्येक फांदीशी ती थांबायची, खाली बघायची, विचारायची. थोरलीचा घसा बसला होता, तळवे सोलले होते. शिपाईमामांनी दोनदा पाणी आणून पुढं केलं. प्यायला एक हात सोडावा लागला असता, म्हणून तिनं मान हलवून नको म्हटलं.